नटाच्या नावावरची मिळकत

गेल्या चार-पाच वर्षांत डेसी आर्नाझ या नटाचे ग्रह पुन्हा उच्चीचे झाले आहेत. परंतु ज्या थाटाने त्याचा हा उदोउदो चालला आहे तो पाहून त्याच्या चाहत्यांना आनंदापेक्षा संतापच अधिक यावा, अशी स्थिती आहे. २०२१ साली एरन सॉर्किनने ‘बीइंग द रिकार्डोज’ हा चित्रपट काढला, पुढल्याच वर्षी एमी पोलरने ‘लूसी अँड डेसी’ हा अनुबोधपट सादर केला, आणि २०२५ साली टॉड पर्डमने परिश्रमपूर्वक लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले, ज्याच्या उपशीर्षकातच आर्नाझला दूरचित्रवाणीचा शोध लावण्याचा मान देऊन टाकला आहे. सॉर्किनने आर्नाझची पत्नी ल्युसिल बॉल हिचे १९५२ मधले गरोदरपण आणि १९५३ मध्ये तिच्यावर आलेला कम्युनिस्टपणाचा आळ यांना एकाच आठवड्यात कोंबून चुरचुरीत संवादांचे नाट्य उभे केले; पोलरने त्या दांपत्याच्या दुभंगलेल्या संसारावर हळुवार फुंकर घातली. एकाने नवरा दाखविला, दुसरीने प्रियकर दाखविला, तिसऱ्याच्या मुखपृष्ठाने संशोधक दाखविला. मालक मात्र या सगळ्या आरतीत मागल्या रांगेत उभा राहिला. माझे म्हणणे असे, की दूरचित्रवाणीवरील विनोदाला जर कोणे एके काळी कलेचे रूप आले असेल, तर ते १९५१ सालच्या एका करारनाम्यातील मालकीच्या कलमामुळे आले, आणि आज त्या कलेला जी अवकळा आली आहे तिचे मूळही तेच कलम उलटे फिरविले गेले यातच आहे.

संशोधकपणाचा दावा आधी निकालात काढलेला बरा. अनेक कॅमेरे एकाच वेळी फिल्मवर चालविण्याची युक्ती आर्नाझच्या डोक्यातून निघालेली नव्हती, जेरी फेअरबँक्सने ती आधीच अजमावली होती, आणि राल्फ एडवर्ड्सच्या ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’साठी अल सायमनने ती प्रेक्षकांसमक्ष राबविलीही होती, हाच सायमन पुढे आर्नाझच्या पदरी आला. प्रकाशयोजना कार्ल फ्रॉइंडची, म्हणजे ज्याने ‘मेट्रोपोलिस’ टिपला आणि ‘द गुड अर्थ’साठी ऑस्कर मिळविले अशा बुजुर्गाची. विनोदाची वीण जेस ओपनहाइमर, मॅडेलिन प्यू आणि बॉब कॅरल या त्रयीची. आणि जिच्या एका डोळे विस्फारण्यावर सारा देश हसून लोळत होता त्या बाईविषयी निराळे सांगायला नकोच. इतके सगळे वजा केल्यावर आर्नाझच्या खाती काय शिल्लक राहते, असे कोणी विचारील, तर उत्तर असे की या सगळ्यांना एका छताखाली आणून, कामाच्या फळावर काम करणाऱ्यांचेच नाव लागेल अशी तजवीज त्याने केली, आणि ती तजवीज करताना मोठमोठ्या कंपन्यांच्या मुखत्यारांपुढे तो तसूभरही हटला नाही.

सँटियागो दि क्यूबाच्या नगराध्यक्षाचा हा मुलगा. १९३३ च्या राज्यक्रांतीत बाप तुरुंगात गेला, घरदार व जमीनजुमला गेला, आणि बापलेकांवर मायामीत परागंदा होऊन दिवस काढण्याची पाळी आली. तिथे कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे साफ करण्यापासून आरंभ करून तो झेवियर कुगाटच्या वाद्यवृंदात, तिथून ब्रॉडवेवरील ‘टू मेनी गर्ल्स’मध्ये आणि १९४० साली त्याच नाटकावरून आरकेओने काढलेल्या चित्रपटात पोहोचला, जिथे ल्युसिल बॉलची व त्याची गाठ पडली. हॉलिवुडने त्याच्यात एक देखणा, ढोल बडविणारा, तोंडी स्पॅनिश वळणाची इंग्रजी असणारा तरुण पाहिला आणि त्यापलीकडे पाहण्याची तसदी घेतली नाही. ‘बाटान’मधली त्याची लहानशी भूमिका सोडली तर चित्रपटातल्या त्याच्या कारकिर्दीविषयी न बोलणेच इष्ट. परंतु मिळकत हातची जाणे म्हणजे काय हे ज्याने सोळाव्या वर्षी पाहिले, त्याला चौतिसाव्या वर्षी करारनाम्यातले कोणते कलम वाचावे हे कोणी शिकवावे लागले नाही.

प्रसंग सर्वश्रुत आहे. सीबीएस कंपनीला ल्युसिलचा नभोवाणीवरील ‘माय फेव्हरिट हजबंड’ हा कार्यक्रम पडद्यावर हवा होता, परंतु तिचा नवरा म्हणून एक क्यूबन मनुष्य अमेरिकन घराघरांत खपेल की नाही याविषयी कंपनीला शंका होती; ती शंका या दोघांनी १९५० साली गावोगाव प्रयोग करून फेडली. त्याच वर्षी त्यांची डेसिलू ही संस्था स्थापन झाली. मग फिलिप मॉरिस या सिगारेटवाल्या प्रायोजकाने हट्ट धरला, की ‘आय लव्ह ल्युसी’ हा कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट झाला पाहिजे. पश्चिमेकडच्या लोकांनी किनेस्कोपवर, म्हणजे पडद्यावरचेच चित्र पुन्हा टिपून काढलेल्या त्या धूसर प्रतीवर, समाधान मानावे. नवराबायकोंना हॉलिवुड सोडायचे नव्हते. फिल्मवर चित्रण करावे तर खर्च वाढतो, आणि वाढीव खर्च सोसायला कोणी राजी नाही. तेव्हा आर्नाझने तोड काढली: आमच्या मेहनतान्यात कपात करा, आणि त्या बदल्यात फिल्मची मालकी डेसिलूच्या नावे लिहून द्या. एकदा दाखवून झालेला कार्यक्रम दुसऱ्यांदा कोण बघणार, या समजुतीने कंपनीने खुशाल सही केली. व्यवहारचातुर्याचा किस्सा म्हणून हे सर्व हसत हसत सांगण्याची चाल पडली आहे. पण त्या व्यवहाराचा रसाशी जो संबंध आहे तो कोणी उलगडत नाही: जे आपले आहे ते मनुष्य जपतो, आणि जे जपायचे आहे ते तो निगुतीने घडवितो. थेट प्रक्षेपणाच्या त्या जमान्यात बाकीचे लोक एका रात्रीपुरते काम करीत होते. डेसिलूत मात्र पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर, चित्रपटाच्या तोलाने, टिकण्यासाठी काम चालले होते.

ते काम कसे चालत होते हे जवळून पाहण्याजोगे आहे. जनरल सर्व्हिस स्टुडिओच्या एका मंचावर घराची बैठक, स्वयंपाकघर, आर्नाझ ज्याची भूमिका करी त्या रिकीचा नाइट क्लब अशी नेपथ्ये शेजारी शेजारी मांडलेली. समोर सुमारे ३०० माणसांची चढत्या पायऱ्यांची बैठक, आणि त्या माणसांना थेट रस्त्यावरून आत येण्यासाठी भिंतीत पाडलेला स्वतंत्र दरवाजा. चित्रणापूर्वी आर्नाझ स्वतः पुढे येऊन प्रेक्षकांशी चार विनोदाच्या गोष्टी बोले आणि मंडळींची ओळख करून देई. मग नाटकासारखा पहिल्या प्रवेशापासून शेवटच्यापर्यंत भाग सलग होई. एक कॅमेरा सबंध मंच पाही, दोन जवळून चेहरे टिपीत, आणि तिन्ही एकाच वेळी फिरत असल्यामुळे दर शॉटला दिवे हलवून उजेड बदलणे अशक्य. म्हणून फ्रॉइंडने सगळे दिवे वर टांगून सपाट, सारखा उजेड साधला आणि कृष्णधवल चित्रात छटांचा तोल राहावा म्हणून नेपथ्ये करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांत रंगवून घेतली. चित्रण आटोपले, की डॅन कान हा संकलक तीन चित्रे एकदम दाखविणाऱ्या मूव्हिओलावर बसे. त्या अवजड यंत्राला स्टुडिओत राक्षस म्हणत. आणि ध्वनिपट्टीवर जे हसू उमटले आहे ते त्या ३०० माणसांचे, त्या विशिष्ट रात्रीचे, खरेखुरे हसू आहे. ल्युसिलची आई डीडी बैठकीत हजर असे, आणि लेक भलत्याच उद्योगाला लागली की तिच्या तोंडून निघणारा धास्तीचा उद्गार आजही कान देणाऱ्याला ऐकू येतो.

या सगळ्या यातायातीतून काय निष्पन्न झाले ते पाहायचे तर चॉकलेटच्या कारखान्याचा बहुप्रशंसित भाग बाजूला ठेवून ८ डिसेंबर १९५२ रोजी दाखविलेला भाग पाहावा. आपण आई होणार ही वार्ता नवऱ्याला एकांतात सांगावी म्हणून ल्युसी दिवसभर तळमळते, आणि दर वेळी काही ना काही आडवे येते. शेवटी ती त्याच्या क्लबात जाऊन बसते आणि चिठ्ठी पाठविते, की एका जोडप्याला मूल होणार आहे, त्यांच्यासाठी गाणे म्हणा. रिकी अंगाईगीत गुणगुणत एकेका मेजाशी जाऊन विचारतो, ल्युसीच्या मेजाशी येतो, ती मान हलविते, आणि क्षणभर त्याच्या काही ध्यानातच येत नाही. तो क्षण आर्नाझने जसा लांबविला आहे तसा लांबविण्यासाठी समोर श्वास रोखून बसलेली माणसे लागतात. यंत्राच्या सोबतीने नट तेवढा वेळ थांबू शकत नाही, कारण किती थांबायचे हे त्याला सांगणारे तिथे कोणी नसते. पुढे गाण्यात दोघांच्याही डोळ्यांत जे पाणी आले ते खरे होते, कारण ल्युसिल खरोखरच गरोदर होती, आणि तेच चित्रण छापात कायम राहिले. गरोदर हा शब्द उच्चारण्यास सीबीएसची बंदी होती, संहिता धर्मोपदेशकांच्या नजरेखालून जात होत्या, आणि प्रायोजकाला हे प्रकरणच नको होते. फिलिप मॉरिसच्या अध्यक्षाला पत्र लिहून आर्नाझने ते निभावून नेले. १९ जानेवारी १९५३ रोजी पडद्यावर मूल जन्मले तेव्हा सुमारे ४ कोटी ४० लाख माणसे ते पाहत होती, आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या आयझेनहॉवरच्या शपथविधीला त्याहून पुष्कळ कमी लाभली. मालिकेतल्या चार मुख्य नटांपैकी तिघांना एमीची नामांकने मिळाली. ज्याच्या थांबण्यावर उरलेल्या तिघांचे बोलणे उभे होते, त्या चौथ्याला एकदाही नाही.

याच काळात न्यूयॉर्कमध्ये चायेफ्स्की प्रभृतींची थेट नाटके चालली होती. त्यांना सुवर्णयुग म्हणण्याची प्रथा आहे, ती चालू राहो. जॅकी ग्लीसनच्या ‘हनीमूनर्स’चे १९५५-५६ चे भाग फिल्मवर टिपले गेले म्हणून टिकले, इतके त्यांच्या बाजूने म्हणता येईल. चार्ल्स डग्लसने बनविलेल्या हास्यपेटीविषयी, आणि त्या पेटीतल्या मेलेल्या हशावर पोसलेल्या मालिकांविषयी, शाई खर्च करणे हा अपव्यय आहे. एका कॅमेऱ्याच्या, खिन्न चेहऱ्याच्या, प्रेक्षकाला हसण्याची परवानगीच न देणाऱ्या आजकालच्या विनोदी मालिका पुरस्कार मिळवितात, मिळवोत बापड्या. बीबीसीने पीटर कुक आणि डडली मूर यांच्या ‘नॉट ओन्ली बट ऑल्सो’चे कितीतरी भाग फिती वाचविण्यासाठी पुसून टाकले, आणि ते वाचविण्याचा कसलाही अखत्यार त्या दोघा नटांकडे नव्हता, ही गोष्ट मात्र ध्यानी ठेवावी.

उलट डेसिलूचा पसारा पाहा. १९५७ साली मालिकेच्या फिल्मा सीबीएसला विकून आलेल्या पैशाच्या बळावर आर्नाझने आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले, म्हणजे ज्या कंपनीत तो पगारी नट होता तिच्याच वास्तूचा तो धनी झाला. ‘डेसिलू प्लेहाउस’मधून रॉड सर्लिंगचे ‘द टाइम एलिमेंट’ आले, ज्यातून पुढे ‘ट्वायलाइट झोन’ला वाट मिळाली, तिथेच ‘अनटचेबल्स’ची मुहूर्तमेढ रोवली गेली. चित्रपटांत गुंडांच्या भूमिका करून गाजलेला शेल्डन लिओनार्ड हा आणखी एक नट निर्माता होऊन त्याच आवारात आला, आणि कार्ल रायनर, डिक व्हॅन डाइक व डॅनी टॉमस यांच्या भागीदारीत त्याने ‘डिक व्हॅन डाइक शो’ उभा केला: तीन कॅमेरे, समोर माणसे, आणि मिळकतीत लेखक-नटांचा हिस्सा. दूरचित्रवाणीच्या विनोदाचा जो काही अभिजात वारसा आज शिल्लक आहे त्यातला मोठा वाटा अशा भागीदारीच्या दस्तऐवजांतून उगवला आहे.

येथवर परीक्षण झाले, आता भांडण. आज निर्मात्याला प्रवाहवाहिन्या काय देतात? झालेला खर्च, वर ठरावीक नफा, आणि त्या बदल्यात सर्व देशांतील, सर्व काळचे, सर्व हक्क. कुळाने जमीन कसावी आणि उभे पीक खोताने उचलावे, तसाच हा प्रकार. पुनःप्रक्षेपणाची कल्पनाच नाहीशी केल्यामुळे त्यातला हिस्सा मागण्याचा प्रश्नही उरत नाही. १९६० नंतर प्रथमच, २०२३ साली, हॉलिवुडचे लेखक व नट एकाच वेळी संपावर गेले तेव्हा भांडणाचे एक मुख्य मूळ हेच होते. आणि ज्यांना वाटते की मालकी हा निव्वळ जमाखर्चाचा विषय आहे, त्यांनी पाहावे: ‘वेस्टवर्ल्ड’ ही मालिका तिच्या स्वतःच्याच वाहिनीवरून २०२२ अखेर काढून टाकण्यात आली, आणि ‘विलो’ पुरती संपून अर्धे वर्ष होते न होते तोच अदृश्य झाली. आर्नाझच्या चरित्राचे पोवाडे गाणारे ते दोन्ही चित्रपट ॲमेझॉनच्या दप्तरी जमा आहेत, या योगायोगावर त्यांच्या कर्त्यांनी कधी विचार केला असेल काय? नटाने मालक व्हावे हा ज्या कथेचा खरा आशय, ती कथा सांगण्याचा मक्ता नटाला मालक होऊ न देणाऱ्यांकडे जावा, यापरती विटंबना ती कोणती!

मराठी वाचकाला नट-मालक हा प्राणी परका नाही. १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली ती मालकांच्या जाचातून सुटून स्वतः मालक होण्यासाठीच. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ निघाली तीही कसबी माणसांच्याच भागीदारीत. मंडळी कर्जात बुडाली, भागीदारी मोडली, हे खरे. परंतु जे थोर काम झाले ते त्या मालकीच्या दिवसांत झाले, हेही तितकेच खरे. दूरचित्रवाणीने मात्र ही परंपरा आपल्याकडे उमलूच दिली नाही. १९५९ साली दिल्लीत तिचा प्रयोग सुरू झाला तेव्हा पु. ल. देशपांडे त्या कामात होते; ‘गुळाचा गणपती’त सर्व अवधाने सांभाळणारा असा नट-लेखक-दिग्दर्शक जगातल्या कोणत्याही दूरचित्रवाणीला हेवा वाटावा असा होता, पण तो तिथे सरकारी नोकर म्हणून होता, आणि त्याची प्रतिभा मोकळी झाली ती ‘बटाट्याची चाळ’च्या रंगमंचावर, जिथे फर्मान काढणारा दुसरा कोणी नव्हता. मुंबई दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात फिती पुसून पुन्हा वापरण्याची वहिवाट होती, आणि ‘चिमणराव’सारख्या मालिकेचा आज जेमतेम अंशच हाती उरला आहे; प्रभावळकरांचा चिमणराव ज्या पिढीने पाहिला तिच्या आठवणीवर पुढल्या पिढीने विश्वास ठेवावा, एवढेच. खाजगी वाहिन्या आल्या आणि मालकी सरकारकडून कंपनीकडे गेली. नटाकडे ती आलीच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्याने लेखक, गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा हक्क त्यांना सोडूनही देता येऊ नये असा केला, नटांच्या हक्कांनाही मान्यता दिली. तरी करारनामे जुन्याच मसुद्याचे, आणि सही करणारे हात जुन्याच घाईचे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आर्नाझ स्वतः कोणता धुतल्या तांदळासारखा होता? ओपनहाइमरला मालिकेत हिस्सा मिळाला, पण व्हिव्हियन व्हान्स आणि विल्यम फ्रॉली हे अखेरपर्यंत पगारीच राहिले. मद्य व बाहेरख्यालीपणा यांनी १९६० साली संसार मोडला, १९६२ साली त्याने आपला हिस्सा ल्युसिलला विकला, आणि ‘स्टार ट्रेक’ व ‘मिशन इम्पॉसिबल’ या डेसिलूच्या पुढल्या कीर्तीत त्याचा वाटा नाही. हे सर्व मान्य. मालकी माणसाला साधू करीत नाही. तिने माणसाला नकार देण्याची ताकद येते, एवढाच तिचा महिमा, आणि कलेला तेवढाच पुरतो. दुसरा आक्षेप अधिक शहाजोग आहे: आगाऊ पैसा हाती पडत असता फिल्मच्या मालकीचा जुगार नटाने का खेळावा? याचे उत्तर १९५१ सालीही तेच होते. फायद्याची हमी आर्नाझला कोणी दिली नव्हती. हातातला मेहनताना सोडून त्याने न दिसणारे भविष्य घेतले, आणि सीबीएसच्या तज्ज्ञांना ज्याची किंमत शून्य वाटली त्याची किंमत त्याला वाटली, कारण ते काम चांगले होणार याची त्याला खात्री होती. ज्याला स्वतःच्या कामाविषयी तशी खात्री नाही त्याने आगाऊ पैसा खुशाल घ्यावा. पण मग प्रेक्षक उथळ झाले, वाहिन्या निर्दय झाल्या, अशी रड पुरस्कारसमारंभात घालू नये.

मराठी मालिकांतले नट आणि लेखक आपापल्या संघटनांमार्फत रोजच्या तासांविषयी, थकलेल्या बिलांविषयी झगडतात. तो झगडा रास्त आहे आणि तो चालूच राहिला पाहिजे. परंतु दर वाढवून घेणे म्हणजे चाकरीच्या अटी सुधारणे होय, आणि चाकरीत विनोद फार काळ टवटवीत राहत नाही, हे या कलेच्या ७५ वर्षांच्या इतिहासाने पुरेसे सिद्ध केले आहे. पुढील करारावर सही करताना मूळ प्रत कोणाच्या ताब्यात राहणार, ती नष्ट करण्यापूर्वी कर्त्यांना विचारावे लागेल की नाही, आणि दुसऱ्यांदा दाखविताना हिस्सा कोणाकोणाला मिळणार, हे तीन प्रश्न नट, लेखक आणि दिग्दर्शक यांनी एका तोंडाने विचारावेत, आणि त्यांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत मेकअपच्या खुर्चीत बसू नये. यासाठी मेहनताना थोडा कमी घ्यावा लागला तरी घ्यावा. तो कमी घेण्याची ज्याची तयारी नाही, त्याने आर्नाझचे नाव घेण्याची तसदी घेऊ नये.